सात वर्षं घरकाम करणाऱ्या मावशींना काम थांबवायला सांगायचंय; किती आधी सांगावं आणि हिशोब कसा करावा?

प्रश्न ठाण्याच्या एका ताईंचा आहे. मावशी त्यांच्याकडे सात वर्षं धुणं-भांडी आणि केर-फरशी करतात. वय चोपन्न-पंचावन्न, पगार 4,500 रुपये. सासूबाई गेल्या, मुलगा शिकायला बाहेरगावी गेला, घरात आता नवरा-बायको दोघंच. भांडी घासायचं मशीन घेतलं आहे, त्यामुळे ऑगस्टनंतर बाई लागणार नाही. 31 तारखेला पगार देताना सांगायचं, वर एक साडी आणि हजार रुपये द्यायचे, असा ताईंचा विचार आहे. आधी सांगितलं तर कामातलं लक्ष उडेल आणि बिल्डिंगभर बोभाटा होईल, अशी भीती वाटते. मावशींनी घेतलेल्या उचलीपैकी 3,000 रुपये फिटायचे आहेत, ते शेवटच्या पगारातून कापावेत का, हेही त्यांनी विचारलं आहे.

ताई, मी घरकामगार बायकांच्या संघटनेत काम करते, आणि हा प्रश्न दोन्ही बाजूंनी माझ्याकडे येतो. तुम्ही निदान आधी विचारलंत, याचं मला खरंच बरं वाटलं. बहुतेक वेळा मला कळतं ते काम सुटल्यावर, आणि तेही बाईकडून.

आधी सरळ उत्तर. 31 तारखेची वाट पाहू नका, याच आठवड्यात सांगा. सांगितल्यापासून पूर्ण एक महिना काम आणि पूर्ण पगार. दिवाळीच्या बोनसचा गेल्या दिवाळीपासूनचा हिस्सा. सात वर्षांच्या कामाचा वेगळा मोबदला, तुमच्या ऐपतीप्रमाणे, पण आकडा मोजून. आणि कामाचा लेखी दाखला. साडी द्यायची असेल तर जरूर द्या, पण ती या हिशोबात धरू नका.

महिनाच का, हे समजायला मावशींचा दिवस बघावा लागेल. तुम्हाला तुमच्या घरातला त्यांचा तास दिसतो. त्यांच्या दिवसात अशी चार-पाच घरं एकापाठोपाठ लावलेली असतात: साडेसातला एकीकडे पोळ्या, साडेआठला दुसरीकडे भांडी, दहा वाजता तुमच्याकडे, अकराला वरच्या मजल्यावर, बारानंतर पलीकडच्या विंगमध्ये. घर सुटलं की पगार जातो, शिवाय दिवसाच्या मधोमध एक रिकामा तास पडतो. नवीन घर मिळायला हरकत नसते, पण त्या घराला सकाळी सातलाच बाई हवी असते आणि सातची वेळ आधीच दुसऱ्या घराला दिलेली असते. संघटनेतल्या एका बाईचं दहाचं घर असंच एका संध्याकाळी सुटलं. तिला रोज दहा ते अकरा जिन्याच्या पायरीवर बसून राहावं लागायचं. वस्ती रिक्षाच्या अंतरावर, जाऊन परत येण्यात तासही गेला असता आणि पैसेही. वॉचमन हटकायचा, म्हणून ती मजला बदलून बसायची. तिला त्याच आवारात दहाचंच काम मिळायला बरेच महिने लागले. आधी महिनाभर कळलं असतं तर तिने लिफ्टमध्ये, गेटवर, दुसऱ्या बायकांकडे शब्द टाकून ठेवला असता. या कामाची भरती अशीच तोंडी होते आणि तिला वेळ लागतो.

दुसरी गोष्ट हप्त्यांची. बचत गट, भिशी, मायक्रोफायनान्स, मुलांच्या क्लासची फी, हे सगळं घरागणिक ठरलेलं असतं. ‘या घराचा पगार भाड्याला, त्या घराचा हप्त्याला’ असं बायका बोटांवर मोजून सांगतात. तुमचे 4,500 कशाला जातात हे तुम्हाला माहीत नसेल, पण ते कशाला तरी लावलेले आहेत, एवढं धरून चाला.

कायदा काय म्हणतो, तेही स्पष्ट सांगते, कारण ‘कायद्यात कुठे लिहिलंय?’ हा प्रश्न पुढे घरातूनच येतो. खरं तर कायद्याने तुमच्यावर फार थोडं बंधन आहे. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेत ‘उद्योग’ या व्याख्येतून घरगुती सेवा वगळली आहे. कारखान्यातल्या कामगाराला कामावरून कमी करताना जी नोटीस आणि भरपाई मिळते, ती मावशींना मिळत नाही. महाराष्ट्रात 2008 चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण तो कल्याणकारी योजनांचा कायदा आहे. काम सोडवताना किती आधी सांगावं, हा त्याचा विषय नाही. जिनिव्हात 2011 साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरकामगारांसाठी 189 क्रमांकाचा करार केला. कामाच्या अटी, आणि त्यात दोन्ही बाजूंनी द्यायच्या नोटिशीची मुदतही, बाईला समजेल अशा रीतीने आधीच सांगावी, असं त्यात आहे. भारताने त्याला अजून औपचारिक मान्यता दिलेली नाही. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी वेगळा कायदा करता येईल का हे तपासायला समिती नेमा, असं केंद्र सरकारला सांगितलं.

म्हणजे उद्या तुम्ही ‘परवापासून येऊ नका’ म्हणालात, तर तुम्हाला कोणी कोर्टात खेचणार नाही. मला वाटतं, म्हणूनच तुमची जबाबदारी वाढते. इथे कायदा मध्ये नाही. जे न्याय्य आहे ते तुम्ही केलंत तर होईल, नाहीतर होणारच नाही.

महिन्याची नोटीस, महिन्यातून ठरलेल्या पगारी सुट्ट्या, दिवाळीला एक पगार बोनस, हे रिवाज काही आभाळातून पडले नाहीत. 1980 साली पुण्यात मोलकरणींनी उत्स्फूर्त संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. आजारपणात खाडे झाले म्हणून बाईला काढून टाकण्याचा राग त्या संपाच्या मुळाशी होता. आज पुण्या-मुंबईत ‘बोनस म्हणजे एक पगार’ हे न सांगता धरलं जातं, त्यामागे त्या बायका आहेत.

आता तुमचा हिशोब.

बोनस आधी घेते, कारण तिथे सर्वांत जास्त अन्याय होतो. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात बायकांची घरं का सुटतात, हे आम्ही दरवर्षी बघतो. गणपतीच्या पाहुण्यांची भांडी होतात, नवरात्राआधी माळे काढून होतात, पंखे-खिडक्या-जाळ्या पुसून होतात, आणि दिवाळीला पंधरा दिवस उरले की ‘आता पुढच्या महिन्यापासून नको’. तुमच्या मनात असं काही नाही, हे मला दिसतंय. तरी सप्टेंबरमध्ये काम संपलं तर बाहेरून ते अगदी तसंच दिसेल. म्हणून बोनस महिन्यांच्या हिशोबाने द्या. गेल्या दिवाळीपासून साधारण दहा महिने होतात, तर 4,500 चे दहा-बारांश, म्हणजे 3,750 रुपये.

मग सात वर्षांचा मोबदला. ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सुटताना वर्षांच्या हिशोबाने मिळणाऱ्या रकमेचा, कायदा घरांना लागू नाही, पण त्याचं मोजमाप वापरायला कोणाची परवानगी लागत नाही. महिन्याचा पगार भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं. तुमच्या बाबतीत 4,500 ला 26 ने भागून 15 दिवस आणि 7 वर्षांनी गुणलं की साधारण 18,170 रुपये होतात. आकडा मोठा वाटेल. पण सात वर्षांत तुम्ही मावशींना पावणेचार लाखांच्या आसपास पगार दिला असेल, पगार मध्ये वाढले असतील तर थोडा कमी. त्याच्या शेजारी हे 18,000 ठेवून बघा. एकदम जमत नसेल तर दोन-तीन हप्त्यांत द्या, तारखा सांगून. तेही जमत नसेल तर निदान दोन पगार जास्तीचे द्या. महिन्याची नोटीस आणि बोनसचा हिस्सा मात्र ऐपतीवर सोडू नका. ते देणं आहे. बाकीचं तुमच्या मनावर.

उचलीचे 3,000 शेवटच्या पगारातून कापू नका. पगार कमी होणार असतो त्याच महिन्यात हातातही कमी पैसे पडतात, आणि ‘जाताना पैसे कापले’ एवढंच लक्षात राहतं. वर्षांच्या मोबदल्यातून वळते करा, तेही मावशींना विचारून, कागदावर लिहून. सोडून देता आले तर उत्तमच. खाड्यांचंही तसंच: सात वर्षांत कधी जास्तीचे खाडे झाले असतील, तर ते आता उकरून काढायचे नाहीत. ज्या सुट्ट्या त्यांच्या हक्काच्या होत्या आणि घेतल्या गेल्या नाहीत, त्यांचे पैसे मात्र द्यायचे.

महिनाभर काम करून घ्यावं की महिन्याचा पगार हातात देऊन लगेच मोकळं करावं, हे मावशींना ठरवू द्या. तरुण बाई बहुधा पैसे घेऊन लगेच दुसरीकडे वेळ देते. वय झालेल्या बायका काम करत राहणं पसंत करतात. त्यांना आवारात रोज येत राहायचं असतं, कारण नवीन काम आवारातच कळतं. आणि काम करत असल्या तरी त्या महिन्यात दुसरं घर बघायला जायचं असेल तर वेळ द्या. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने कराराबरोबर 201 क्रमांकाची शिफारस केली, त्यात घरात राहून काम करणाऱ्यांसाठी हेच म्हटलं आहे: पुरेशी नोटीस आणि त्या मुदतीत नवीन काम शोधायला सवड. येऊन-जाऊन काम करणाऱ्या बाईलाही ती सवड लागतेच.

आधी सांगितलं तर कामातलं लक्ष उडेल, ही भीती मी फार ऐकते. माझा अनुभव उलटा आहे. नोटीस मिळालेली बाई शेवटच्या महिन्यात काम चोख करते, कारण तुम्ही पुढच्या घराला तिच्याबद्दल काय सांगणार हे तिला माहीत असतं. लक्ष उडतं ते कुजबुज ऐकून, म्हणजे घरात मशीन आलेलं दिसतं, कोणी काही बोलत नाही, आणि बाई रोज मनात विचार करत भांडी घासते. तुमच्याकडे मशीन आलेलं आहे. मावशींना ते दिसलेलं आहे, ताई. त्या कदाचित तुम्ही कधी बोलाल याचीच वाट बघत असतील.

बोभाटा होतो तोही न सांगता काढल्यावर. सात वर्षांची बाई एका दिवसात बंद झाली की बिल्डिंग एकच अर्थ काढते: काहीतरी उचललं असणार. तो डाग धुता येत नाही, आणि तिची वरची-खालची घरंही हलतात. म्हणून कारण खरं सांगा आणि ते इतरांनाही कळू द्या. ‘आम्ही काही महिने गावाला चाललोय’ असली सबब सांगू नका. चार दिवसांनी तुमच्या गॅलरीत कपडे वाळताना दिसणारच आहेत.

सांगायचं कसं? रोज मावशींशी ज्यांचं बोलणं आहे त्यांनीच, म्हणजे तुम्ही. साहेबांनी फोनवर नाही, वॉचमनकडून निरोप तर मुळीच नाही. काम आटोपल्यावर सांगा. पण तुमच्यानंतर त्यांची आणखी दोन घरं असतील तर त्या दिवशी नको, ते जड मन घेऊन त्यांना तिथे उभं राहावं लागेल. ज्या दिवशी तुमचं घर शेवटचं असेल तो दिवस बघा, किंवा दुपारी मुद्दाम बोलवा. खुर्चीवर बसवा, चहा ठेवा, आणि पहिल्या दोन वाक्यांत मुद्द्यावर या:

‘मावशी, एक बोलायचं होतं. घरात आता आम्ही दोघंच राहिलो, काम उरलं नाही, त्यामुळे पुढच्या महिन्याच्या या तारखेपर्यंतच तुमचं काम ठेवता येईल. तुमच्या कामाबद्दल काही म्हणणं नाही. महिन्याचा पगार पूर्ण, बोनसचे इतके, सात वर्षांचे इतके, असा मी हिशोब केलाय, तो तुम्ही बघा. दहाच्या वेळेला दुसरं घर मिळतंय का, ते मीही बघते.’

मग थांबा. त्या रडतील, चिडतील, किंवा काहीच न बोलता कप धुऊन ठेवतील. काहीही झालं तरी ‘तुम्हाला काय, दहा घरं मिळतील’ असं म्हणू नका. पन्नाशी उलटलेल्या बाईला ती मिळत नाहीत. नवीन घरवाले वय विचारतात, गुडघे कसे आहेत विचारतात.

त्यानंतर मावशींची परवानगी घेऊन सोसायटीच्या ग्रुपवर लिहा: ‘आमच्याकडे सात वर्षं काम करणाऱ्या विश्वासू मावशींची सकाळी दहा ते अकराची वेळ अमुक तारखेपासून मोकळी होत आहे.’ वेळ लिहायला विसरू नका, कारण जुळवायची ती वेळच असते. शक्य असेल तर दोन-तीन घरी स्वतः जाऊन बोला. ग्रुपवरचा मेसेज लोक वाचून पुढे जातात, दारात उभ्या राहिलेल्या शेजारणीचं ऐकतात.

दाखलाही याच आठवड्यात लिहून द्या, शेवटच्या दिवसासाठी ठेवू नका, म्हणजे नवीन घरी दाखवायला उपयोगी पडेल. लांबलचक नको. ‘श्रीमती अमुक या आमच्या घरी अमुक महिन्यापासून धुणं-भांडी व केर-फरशी करतात. काम स्वच्छ, वेळेवर आणि प्रामाणिक. घराची किल्ली त्यांच्याकडे असे. आमच्या घरची कामाची गरज संपल्यामुळे त्यांचं काम थांबत आहे. अधिक माहितीसाठी मला फोन करावा.’ खाली नाव, पत्ता, नंबर, सही, तारीख. किल्लीचं वाक्य खरं असेल तर आवर्जून लिहा. नवीन घरवाल्यांना दुसऱ्या कशानेही इतका विश्वास वाटत नाही.

तुमच्या प्रश्नात नाही, पण याच विषयातल्या दोन-तीन गोष्टी इथेच सांगून टाकते.

काम पूर्ण बंद न करता अर्धं करायचा विचार असेल तर नीट करा. भांडी बंद आणि फक्त फरशी, दीड हजार रुपये, पण वेळ तीच दहाची, असं केलंत तर मावशींचा तासही अडकतो आणि पगारही जातो. त्यापेक्षा एक दिवसाआड ठेवा किंवा वेळ दुपारी न्या, म्हणजे दहाला त्यांना दुसरं घर धरता येईल.

चोरीचा संशय असेल तर? नुसत्या संशयावर पगार अडवता येत नाही. पिशवी तपासणं, बिल्डिंगमध्ये बोलणं, हे तर अजिबात करायचं नाही. पुरावा असेल तर पोलिसांत जा. नसेल आणि विश्वास उरला नसेल, तर महिन्याचा पगार हातात द्या, किल्ली परत घ्या आणि काम थांबवा. लगेच थांबवण्याजोगी कारणं मी दोनच मानते: शाबीत झालेली चोरी, आणि लहान मुलाला, म्हाताऱ्या माणसाला किंवा आजाऱ्याला केलेली मारहाण. तेव्हाही त्या दिवसापर्यंतचा पगार द्यावाच लागतो. आजारपण, बाळंतपण, ऑपरेशन ही कारणं नव्हेतच. तेवढ्यापुरती बदलीची बाई ठेवा आणि काम मूळ बाईचंच आहे हे तिला सांगून ठेवा.

‘बायका तरी कुठे सांगून सोडतात? गावाला जातात आणि येतच नाहीत,’ हेही ऐकते. खरं आहे, असं होतं, आणि आम्ही संघटनेत बायकांना सांगतो की तुम्हीही महिनाभर आधी सांगा. कामावर ठेवतानाच ‘दोन्ही बाजूंनी एक महिना’ असं ठरवलं तर हा वाद उरत नाही. पण दोन्हीकडचं नुकसान सारखं नसतं. बाई अचानक गेली तर तुमच्याकडे आठवडाभर भांडी साचतात. घर अचानक गेलं तर तिच्या महिन्याच्या कमाईचा चौथा-पाचवा हिस्सा जातो.

शेवटच्या दिवशी सगळे पैसे एकत्र द्या, शक्यतो अर्धे खात्यावर, अर्धे रोख, जसे त्या म्हणतील तसे. हिशोबाचा कागद दोन प्रतींत, दोघींच्या सह्या. गेटच्या ॲपवरून त्यांचं नाव त्या दिवशी काढू नका. दुसऱ्या घरी त्या त्याच पासवर येत असतील, तर तुमच्या एका बटणाने त्या गेटवर अडकतील. आधी विचारा, मग फक्त तुमच्या फ्लॅटपुरती नोंद काढा.

आणि हा महिना हातात आहे तोवर एक काम कराच. मावशींची घरेलू कामगार कल्याण मंडळात नोंदणी झाली आहे का, ते विचारा. नोंदणी 18 ते 60 या वयातच होते, म्हणजे त्यांच्याकडे थोडीच वर्षं आहेत. मंडळात नोंद असलेल्या आणि 55 वर्षं पूर्ण केलेल्या बायकांसाठी 10,000 रुपयांच्या सन्मानधनाची योजना आहे, आणि मावशी त्या वयाच्या उंबरठ्यावर आहेत. अर्जासोबत मालकाचा दाखला लागतो, आणि बहुतेक बायकांचं घोडं तिथेच अडतं, कारण घरवाले सही करायला घाबरतात. या सहीने तुमच्यावर कसलंही देणं चढत नाही. आधार कार्ड, बँकेचं पासबुक, फोटो आणि तुमचा दाखला घेऊन एक दिवस त्यांच्याबरोबर कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात जाऊन या. ई-श्रमची, म्हणजे केंद्र सरकारच्या असंघटित कामगारांच्या यादीतली, नोंदणी नसेल तर तीही करून घ्या, त्यासाठी आधारशी जोडलेला मोबाइल नंबर जवळ असावा. तो अनेकदा मुलाच्या नावावर असतो किंवा बंद पडलेला असतो, म्हणून निघण्याआधी तेवढं तपासा.